केडगावला जाताना

पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं दौंड तालुक्यातलं केडगाव बाजारात ओळखलं जातं ते गुळामुळे. शेजारच्या चौफुल्याचं नाव निघतं ते तिथल्या कलाकेंद्रांमुळे. याच केडगावात शंभरेक वर्षांपूर्वी अध्यात्माची दोन अगदी निराळी केंद्रं एकाच वेळी नांदत होती. एक पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आणि दुसरं दत्तभक्त नारायण महाराजांचं बेट. अशा ठिकाणी पाहुण्याने कसं वागावं, याची आपली कल्पना देवळांनी घडवलेली आहे. याच पट्ट्यात शिरूर तालुक्यातलं गणपतीचं रांजणगाव आहे, आणि दौंडकडून भीमा ओलांडली की सिद्धटेक. चपला बाहेर काढायच्या, रांग धरायची, दर्शन घ्यायचं, प्रसाद घेऊन गाडीत बसायचं. देव दर्शनासाठीच असतो, म्हणून तिथे एवढं पुरतं. पण ज्या आवारात माणसं राहतात, शिकतात आणि म्हातारी होतात, तिथे दर्शनाची हीच सवय उद्धटपणाची होते. चपला काढल्या, आवाज खाली ठेवला की शिष्टाचार पाळला असं आपल्याला वाटतं. खरा शिष्टाचार त्या आवारात राहणाऱ्यांशी असतो, तिथल्या पावित्र्याशी असलेलं नातं त्यानंतरचं.

मुक्ती मिशनचा इतिहास पाहिला की हे पटतं. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका सोडवून आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, निर्बंध आले, आणि केडगावला आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू-झोपड्यांत ही वस्ती उभी राहिली. १८९८ मध्ये तिला मुक्ती हे नाव मिळालं. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार माणसं म्हणजे त्या काळचं एक मोठं गावच. प्रार्थना होतीच, पण तिच्या बरोबरीने शाळा, शेती, माग, तेलघाणा आणि छापखानाही होता. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवलं जाई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर याच छापखान्यात मुक्तीतल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. अशा ठिकाणाला आश्रम म्हणा, शाळा म्हणा की कारखाना, ते आधी घर होतं. त्यात राहणाऱ्या प्रत्येकीमागे दुष्काळ होता, नाहीतर वैधव्य, नाहीतर छळ. ‘तू इथे कशी आलीस?’ हा प्रश्न पाहुण्याला साधा वाटतो. जिला तो विचारला जातो, तिला तो सगळं पुन्हा भोगायला लावतो.

अध्यात्माचं जे चित्र आपण मनात घेऊन जातो, तेही केडगावात टिकत नाही. शांतता, कमी बोलणं, साधी राहणी. १९०५ मध्ये मुक्तीत जी धार्मिक जागृतीची लाट आली, तिच्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, रडत. ते ऐकून काही पाहुणे, त्यांत युरोपीय मिशनरीही, गोंधळून गेले होते. तिकडे बेटावर नारायण महाराज भरजरी वस्त्रं आणि दागिने घालून चांदीच्या सिंहासनावर बसत. संत म्हणजे लंगोटी आणि भस्म असं ठरवून आलेल्याची तिथे पंचाईतच होत असणार. पुण्याचे मेहेरबाबा तरुणपणी या महाराजांच्या भेटीला आले होते आणि पुढे त्यांनी आपल्या पाच सद्गुरूंत महाराजांची गणना केली. रमाबाई मात्र पांढऱ्या सुती लुगड्यात वावरत. दोन्हींपैकी कोणतं अध्यात्म खरं, हे ठरवायला पाहुण्याला कुणी बोलावलेलं नसतं. निदान पहिल्या तासाभरात तरी नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या संस्थेच्या धर्मांतराच्या उद्देशावरच वाद झाला, तिथे मान झुकवून का वावरायचं? हा वाद खोटा नव्हता. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. यावरून गदारोळ झाला, टिळकांच्या केसरीने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं. माझ्या मते पालकांचा विश्वास हा इथला कळीचा मुद्दा होता आणि टीकाकारांच्या बाजूलाही वजन होतं. पण आदर म्हणजे संमती नव्हे. याचा सर्वांत चांगला दाखला स्वतः रमाबाईच आहेत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात पाहुण्या म्हणून राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यजमानांच्या घरात राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं विचारून तो घालायचं नाकारलं. तिथल्याच सिस्टर जेराल्डाईनशी धर्मतत्त्वांवर पत्रांतून कडाडून वाद घातला. पाहुणचारही घेतला आणि आपली बुद्धीही गहाण टाकली नाही. हिंदू, बौद्ध किंवा नास्तिक पाहुण्याला मुक्तीत जाताना याहून वेगळं काही करायचं नाही. प्रार्थनेला बसायचं नसेल तर बसू नये; बसलात तर मधूनच उठून फोनवर बोलायला जाऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. विचारायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, तर मग समाजाने लक्ष ठेवायचं कसं? बंद दारांआड काय काय चालतं हे आपण कमी वेळा वाचलेलं नाही. मान्य. म्हणूनच २०१५च्या बाल न्याय कायद्याने मुलं सांभाळणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली आणि तपासणी समित्या नेमायला लावल्या. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो वा मजकूर माध्यमांत छापता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे तपासणी आणि तमाशा यांत कायद्यानेच फरक केला आहे. पाहुण्याने प्रश्न जरूर विचारावेत, पण संस्था चालवणाऱ्यांना. नोंदणी आहे का, हिशेब तपासले जातात का, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुली कुठे जातात, हे कार्यालयात बसून विचारता येतं. चुकीचा माणूस गाठून विचारलं की तोच प्रश्न अपमान होतो.

आणि अशा संस्थांत जाऊन साजरे केले जाणारे ते वाढदिवस. अनाथ मुलांसमोर आपल्या मुलाचा केक कापायचा, त्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या, संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या गटांवर टाकायचे, हा प्रकार आता खेडोपाडी पोहोचला आहे. देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं हे खरं. तरी ज्या मुलाला स्वतःच्या जन्माची तारीखही ठाऊक नसेल त्याच्यापुढे हा सोहळा मांडणं मला क्रूर वाटतं. दानशूरांना राग येईल, येवो.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच गेल्या. नारायण महाराज १९४५ मध्ये बंगळुरात. दोन्ही ठिकाणी आजही माणसं येतात आणि राहतात. मुक्तीत स्त्रिया आणि मुलं अजून आहेत. तुम्ही जाणार असाल तर आधी कळवा, दिलेली वेळ पाळा, कॅमेरा खिशात ठेवा. केक घरीच कापा, आणि द्यायचे असतील ते पैसे कार्यालयात भरून पावती घ्या.