31 मेनंतरचे पैसे

मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून अशी आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली, तीच पुढे नोकरीला लागली. त्यामुळे दरवर्षी 31 मेला नांदेड-लातूरकडे सेवापूर्तीच्या कार्यक्रमांची एकच गर्दी उडते. शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि मग काही दिवसांत खात्यावर जमा होणारी रक्कम. एवढे पैसे एकरकमी हाती येण्याची बहुतेकांची ती पहिलीच वेळ. गेल्या तीसेक वर्षांत या पैशांचं काय काय झालं ते आठवलं, की एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. बाजार पडला म्हणून आपल्याकडे जेवढी माणसं बुडाली, त्याहून जास्त माणसं कुणीतरी दिलेल्या खात्रीवर बुडाली.

नव्वदच्या दशकात फारसा विचार करावा लागत नसे. पीपीएफवर 12 टक्के मिळत, बँकांचे दरही त्याच्या आगेमागे. जानेवारी 2000 पासून हे दर उतरायला लागले आणि मार्च 2003 मध्ये पीपीएफ 8 टक्क्यांवर आला. पाच लाखांवर जिथे वर्षाला साठ हजार सुटायचे, तिथे चाळीस. औषधं आणि किराणा मात्र महागतच गेला. मध्येच जुलै 2001 मध्ये युनिट ट्रस्टने आपल्या यूएस-64 योजनेची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. ‘सरकारीच आहे’ म्हणून डोळे झाकून ठेवलेला पैसा अडकला. पुढे सरकारने हमीचे रोखे दिले, पण धसका बसायचा तो बसला.

त्या धसक्यातून माणसं शेअर बाजारापासून लांब गेली, ते ठीक. पण गेली कुठे? गल्लीतल्या पतसंस्थेत, मल्टिस्टेटमध्ये, ओळखीच्या एजंटाकडे. बँकेपेक्षा चार टक्के जास्त, आणि घरी येऊन पावती देणारा आपलाच भाचा किंवा माजी विद्यार्थी. 2014 मध्ये सेबीने एजंटांमार्फत पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला सांगितलं. 2023 मध्ये संभाजीनगरची आदर्श पतसंस्था आणि बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट, दोन्हींचे ठेवीदार रस्त्यावर आले. बँक आणि पतसंस्था यांतला फरक समजून घ्यायला हवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. धाराशिवच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये रद्द केला, तेव्हा लहान ठेवीदारांना या विम्याचाच आधार होता. पतसंस्थेला तो नाही. पाटीवर ‘को-ऑपरेटिव्ह’ लिहिलेलं असलं तरी नाही.

दुसरी खात्री सोयाबीनची. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या वर्षीचा हमीभाव होता 3,950. सरकारने सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवा माल आला आणि दोन महिन्यांत भाव निम्म्यावर आला. तो दहा हजारांचा आकडा मात्र डोक्यातून जाईना. किती घरांत कट्टे थप्पीला लागले, वर्ष उलटलं, दुसऱ्या वर्षीचा माल त्याच्याच शेजारी आला. 2024 मध्ये तर 4,892 चा हमीभावही बाजारात मिळत नव्हता. वीस क्विंटल ठेवलेल्या माणसाचे दोन लाख असे डोळ्यांदेखत लाखाच्या आत आले. शेअर पडला म्हणून तिकडे हसणारेच इकडे एका मालावर सगळं लावून बसले होते.

तिसरी खात्री खोल्यांची. लातूर पॅटर्नच्या जोरावर निवृत्तीच्या पैशांतून वर दोन मजले चढवायचे आणि नीटच्या पोरांना खोल्या द्यायच्या. भाडं चांगलं येई, नाही असं नाही. पण मार्च 2020 मध्ये पोरं गाठोडी बांधून गावी गेली आणि ट्यूशन एरियातल्या खोल्यांना कुलपं लागली. ज्यांनी जोडीला गृहकर्ज काढलं होतं, त्यांना हप्त्याला सवलत मिळाली तरी व्याज चालूच होतं.

त्याच मार्चच्या 23 तारखेला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के कोसळून 26 हजारांच्या खाली आला. जानेवारी 2021 मध्ये त्याने 50 हजारांना हात लावला. ज्याने एसआयपी बंद केली नाही, त्याचं भलं झालं. एवढं सांगून लोक थांबतात. पण जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर पैसे लावलेल्याला ते आकडे टिकून दिसायला 2013 उजाडलं. त्याला मधल्या वर्षांत मुलीचं लग्न किंवा बायपास निघाली असती तर? म्हणून पाच वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नको, हे मी प्रत्येकाला सांगते. तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत राहू दे. आज तीस लाखांवर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. मात्र सगळाच तिथेही नको. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला अजून पंचवीस वर्षं जगायचं असतं, आणि महागाई त्या 61,500 चं मोल दरवर्षी कमी करत जाते. उरलेल्यातला काही भाग इंडेक्स फंडात, दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर, ठेवावाच लागतो.

1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी नोकरीला लागलेल्यांना तर बाजार टाळताच येणार नाही. जुनी पेन्शन गेली, डीसीपीएस आली, मग एनपीएस. सात-आठ वर्षं कपात होऊनही हिशेबाची चिठ्ठी न पाहिलेले शिक्षक मला माहीत आहेत. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संप झाला आणि तो रास्तच होता. नंतर शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनचा पर्याय आला. अनुदानाच्या तारखेत अडकलेल्या शाळांचे शिक्षक मात्र जुन्या पेन्शनसाठी कोर्टात गेले.

या सगळ्यात जी बाई औसा किंवा मुखेडच्या शिवारात तीस वर्षं खुरपत आली, तिला 31 मे नाहीच. अटल पेन्शन आली 2015 मध्ये, किसान मानधन 2019 मध्ये, आणि दोन्हींत नाव घालायची मर्यादा चाळीस वर्षांची. तेव्हा पंचेचाळिशीत असलेल्या बाईचं नाव कुठेच बसलं नाही. पासष्टी झाली की तिला श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 मिळतील, तेही तिचं उत्पन्न दाखल्यावर 21 हजारांच्या आत बसलं तर.