उत्तनची होडी आणि दक्षिण ध्रुवाचा बर्फ

उत्तन, पाली, चौक या मीरा-भाईंदरच्या किनारी गावांत समुद्र हा केवळ पाठ्यपुस्तकातील धडा नव्हे; घरातील चूल त्याच्यावर पेटते. भूगोलाच्या तासाला अंटार्क्टिकाचा नकाशा उघडला, की एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, तिथल्या बर्फाशी आमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. म्हणून प्रारंभ इतिहासापासून करतो. वसईच्या खाडीपलीकडील सोपारा हे प्राचीन बंदर. तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सोपारा व कल्याण या बंदरांचा उल्लेख येतो. भडोचजवळची वेगवान भरती परदेशी गलबतांना घातक ठरे आणि स्थानिक मच्छीमार पुढे येऊन त्यांना सुखरूप आत नेत, हेही त्यात नमूद आहे. म्हणजे समुद्राचे निरीक्षण ही मुळात कष्टकऱ्यांची विद्या. उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे आजही कोळी बांधव तिथीवरून सांगतात.

विज्ञानाने या अनुभवाला मोजमापाची जोड दिली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळीच्या नोंदी आहेत. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात आहे. या संस्थेचे माजी संचालक डॉ. सतीश शेट्ये व त्यांचे सहकारी यांनी आपल्या किनारी प्रवाहांचा सखोल अभ्यास केला. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. त्यावर केवळ येथील वाऱ्याची सत्ता चालत नाही. बंगालच्या उपसागरावरील वाऱ्यांचा परिणामही किनारी लहरींच्या रूपाने भारताला वळसा घालून इकडे पोहोचतो.

मग उद्याचा समुद्र आज कसा सांगता येतो? शास्त्रज्ञ संगणकावर समुद्राची गणिती प्रतिकृती उभारतात. समुद्राचे लांबी, रुंदी व खोलीनुसार असंख्य चौकोनी कप्पे पाडायचे. प्रत्येक कप्प्यातील तापमान, क्षारता व प्रवाहाचा वेग मांडायचा. वारा व हवेचा दाब यांची माहिती द्यायची. आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनी पुढील स्थिती काढायची. पण गणित प्रत्यक्षाशी ताडून पाहावेच लागते. त्यासाठी तरंगते मापक, उपग्रह आणि 'आर्गो' ही स्वयंचलित उपकरणे आहेत. ही उपकरणे सुमारे २,००० मीटर खोल जाऊन साधारण दर दहा दिवसांनी वर येतात व आपल्या नोंदी उपग्रहाकडे पाठवतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था अशा आधारावर लाटांचे अंदाज व मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना देते.

आता बर्फाकडे वळू. अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर असतो. सप्टेंबरपर्यंत तो सुमारे १ कोटी ८० लाखांवर जातो. जेथे बर्फाचे आवरण असते, तेथे वाऱ्याला लाट उठवता येत नाही आणि आलेली लाटही मंदावते. जेथे पाणी मोकळे, तेथे वादळ प्रचंड लाटा उठवते. त्या हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्याला लागतात. येथे वारा नसतो, आभाळ निरभ्र असते, तरी समुद्र अचानक चढतो. मे २०२४ च्या आरंभी मुंबई व कोकण किनाऱ्याला असाच इशारा देण्यात आला होता. म्हणून लाटांच्या गणितात दक्षिणेकडील बर्फाची सीमाही धरावी लागते. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे हेच उत्तर.

त्या दूरच्या खंडावर १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत नागपूरच्या कन्या, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत गेल्या होत्या. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला होत.

परंतु ज्ञान निर्माण होणे आणि ते माणसापर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१७ च्या 'ओखी' चक्रीवादळात केरळ व तमिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. मोबाइलचा संदेश तेथे पोहोचत नाही. इशारा किनाऱ्यावरच राहिला आणि शेकडो माणसे परतली नाहीत. त्यानंतर, २०१९ मध्ये, उपग्रहाद्वारे संदेश मिळवून तो मच्छीमाराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत दाखवणारे 'जेमिनी' हे उपकरण आणण्यात आले. जी विद्या शेवटच्या होडीपर्यंत जात नाही, ती अपुरीच म्हणावी लागेल.

माजी विद्यार्थी व पालक यांना आमची एकच विनंती आहे. गणित व पदार्थविज्ञान हे विषय कठीण म्हणून मुलांनी, विशेषतः मुलींनी, सोडू नयेत. समुद्र मोजणारी माणसे आपल्या वस्त्यांतूनही निघाली पाहिजेत. कारण इशारा कोणाच्या दारी पोहोचला नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.