कपाळावरची बॅटरी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. पंपाची वीज रात्रपाळीत आली, की उन्हाळी धानाला पाणी द्यायला अंधारातच निघावे लागते. मोहफुले वेचणाऱ्या बायाही उजाडण्याआधीच जंगलाची वाट धरतात. कपाळाला पट्ट्याने बांधलेल्या दिव्याने यांचे दोन्ही हात मोकळे झाले, ही सोय मोठीच.

त्यात दोन तऱ्हा. एकीत कपाळावर नुसता दिवा आणि वायरने जोडलेली जड बॅटरी कमरेला. ती रात्रभर टिकते, पण वायर काटेरी झुडपात अडकते. दुसरी हलकी, सगळी कपाळावरच. मात्र पहाटेआधीच मान टाकते. किडे तर दोन्हींत थेट डोळ्यांवर येतात!

पण खरी गंमत सावलीची आहे. डोळ्यांजवळचा उजेड नजरेच्याच रेषेत पडतो, म्हणून वस्तूची सावली तिच्यामागेच लपते. नागझिऱ्याच्या कडेला याचा फायदा होतो. वाघ-बिबट्याच्या डोळ्यांतला चकाकता पडदा तो उजेड सरळ आपल्याकडे परतवतो आणि दुरूनच दोन निखारे दिसतात. सापाच्या डोळ्यांत असा पडदा नसतो. रात्री हिंडणारी काळी मण्यार या सपाट उजेडात ओल्या मातीत मिसळून जाते. हातातली बॅटरी गुडघ्याशी धरा. उजेड आडवा पडतो, ढेकळागणिक सावली उमटते, सापही उठून दिसतो.

म्हणून धुऱ्यावरून चालताना मी हातातलीही पेटवतो. बांधीत पोचल्यावर ती खिशात जाते, कपाळावरची कामाला लागते. गमबूट मात्र दोन्ही वेळी पायात.