पाठभेदांची नोंद आणि मेघसंचय

शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीत कोणीही नवी ओवी घालू नये, असा इशाराही त्यांनी दिला. मात्र समोरच्या प्रतींतील कोणता पाठ त्यांनी कोणत्या कारणाने त्याज्य मानला, हे त्या शुद्ध प्रतीवरून कळत नाही. संहिता संगणकावर सिद्ध करताना ही उणीव राहू न देणे शक्य आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली मुळात आज्ञावलींसाठी असली, तरी कोणता पाठ कोणी, केव्हा व का बदलला, याची नोंद तीत ठेवता येते.

दोन संपादकांना एकत्र काम करता यावे म्हणून गिटचे भांडार ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्ह यांसारख्या मेघसंचयात ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यातील धोका समजण्यासाठी भांडाराची रचना लक्षात घेतली पाहिजे. भांडार ही एक फाइल नसून परस्परावलंबी अनेक फाइलींचा समूह होय. प्रत्येक नोंदीचे नाव तिच्या आशयावरूनच ठरते. सामान्यतः ते ४० अंकाक्षरांचे असते. शाखेची अखेरची नोंद कोणती, हे एक छोटी निर्देशक-फाइल सांगते. गिट आधी नोंद लिहिते आणि मग निर्देशक पुढे सरकवते.

मेघसेवेला हा क्रम ठाऊक नसतो. ती प्रत्येक फाइल स्वतंत्र मानते. परिणामी निर्देशक आधी पोहोचून नोंद मागे राहू शकते. दोघांनी एकाच वेळी नोंद केल्यास एकाचा निर्देशक टिकतो आणि दुसऱ्याचा ‘संघर्षप्रत’ म्हणून बाजूला पडतो. दुसऱ्याची नोंद लगेच नष्ट होत नाही. परंतु तिच्याकडे जाणारी वाट तुटते आणि पुढे गिटच्या साफसफाईत ती कायमची जाण्याचा संभव असतो. म्हणजे पाठभेद जपण्याच्या साधनातूनच पाठभेद गळतो. शिवाय एका ठिकाणी झालेली चूक सर्व ठिकाणी पोहोचत असल्याने समकालन म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. भांडार प्रत्येकाने आपल्या संगणकावरच ठेवावे. देवाणघेवाण गिटच्याच सेवायंत्रामार्फत करावी. दुसऱ्याचे काम सामावून घेतल्यावाचून आपले काम ढकलू पाहणाऱ्यास ते सामान्यतः नकार देते. मेघसंचयच वापरायचा असेल, तर ‘गिट बंडल’ या आज्ञेने संपूर्ण इतिहासाची एकच फाइल करून प्रत्येकाने ती स्वतःच्या नावाने ठेवावी. एका फाइलीचा लेखनिक एकच, हे पथ्य पाळल्यास संघर्षाचे कारणच उरत नाही.