पुन्हा येणाऱ्या माणसांचा हिशेब

६,५०७ जणांना बोलावणे गेले, ४,४६९ आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम या सुमारे २८ हजार वस्तीच्या गावात १९४८ साली हृदयरोगाचा अभ्यास सुरू झाला, त्याचा हा पहिला प्रतिसाद: ६८.७ टक्के. उरलेली कसर ७४० जणांनी भरून काढली. निवडयादीत त्यांची नावे नव्हती, ते आपणहून आले होते. एकूण आकडा झाला ५,२०९. त्यात २,३३६ पुरुष आणि २,८७३ स्त्रिया. दर सातांमागे एक जण न बोलावता आलेला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही अडचणच, कारण आपणहून येणारे बहुधा प्रकृतीने बरे असतात. पण गावाची तयारी किती होती, हेही त्याच आकड्यातून कळते.

मुळात इतकी माणसे कशाला हवी होती? आखणी करणाऱ्यांनी आधीच गणित मांडले होते. हृदयविकार नसलेली ५,००० माणसे घेतली, तर पाच वर्षांत त्यांतील सुमारे ४०० जणांना तो जडेल किंवा त्यात मृत्यू येईल. वीस वर्षांत हा आकडा २,१५० वर जाईल. म्हणजे पाच वर्षांनी थांबल्यास हाती येतात ८ टक्के, वीस वर्षे टिकल्यास ४३ टक्के. संशोधकाची शिष्यवृत्ती दोन-तीन वर्षांची असते, आजार मात्र वीस वर्षे घेतो. हे अंतर एकटा संशोधक भरून काढू शकत नाही. संशोधन केंद्र लागते ते इथे.

केंद्राने स्वयंसेवकांना दिले काय? दर दोन वर्षांनी तपासणी: रक्तदाब, रक्त, ईसीजी, क्ष-किरण, सविस्तर विचारपूस. अहवाल ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे जाई. उपचार केंद्र करत नसे, मोबदलाही देत नसे. एवढ्या शिदोरीवर मूळ गटाच्या ३२ फेऱ्या झाल्या, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ. ज्यांना वयोमानामुळे येणे जमेना, त्यांच्या घरी किंवा वृद्धाश्रमात कर्मचारी जाऊ लागले. खर्चाच्या तक्त्यात ही बाब किरकोळ दिसते. तरी अशी एक भेट चुकली की त्या माणसाच्या आधीच्या सगळ्या नोंदींचे मोल घटते. म्हणून माझ्या मते केंद्राचे सर्वांत महत्त्वाचे काम यंत्रे घेणे नव्हे, माणसे टिकवणे आहे.

पहिले मोठे फळ १९६१ मध्ये एका निबंधाच्या रूपाने आले. आरंभी हृदयविकार नसलेल्या ५,१२७ जणांच्या सहा वर्षांच्या नोंदींवरून वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी संबंध दाखवला गेला. आज कोणत्याही दवाखान्यात सहज बोलले जाणारे ‘रिस्क फॅक्टर’ हे शब्द या निबंधामुळे रुळले. त्याचे पहिले लेखक विल्यम कॅनेल १९५० च्या सुमारास तरुण डॉक्टर म्हणून इथे आले होते. १९६६ मध्ये ते या अभ्यासाचे संचालक झाले.

त्यानंतर चारच वर्षांत अभ्यास बंद पडायची वेळ आली. ठरलेली वीस वर्षे संपली होती आणि सरकारी पैसा आटत होता. आधीचे संचालक थॉमस डॉबर यांनी खासगी देणग्या जमवल्या. १९७१ पासून बॉस्टन विद्यापीठ या कामात उतरले आणि त्याच वर्षी दुसऱ्या पिढीची नोंदणी सुरू झाली. तिचा आकडा ५,१२४. हा आकडा फोडून पाहावा असा आहे. आई-वडील दोघेही मूळ अभ्यासात असलेली २,६१६ मुले, एकच पालक अभ्यासात असलेली ८९८, सावत्र ३४, आणि या मुलांचे जोडीदार १,५७६. रक्ताचे नाते नसलेले जोडीदार ३१ टक्के आहेत. घर एक आणि वंश वेगळा, अशी तुलना त्यांच्यामुळे शक्य झाली.

तिसरी पिढी २००२ पासून आली: ४,०९५. पुढे तिन्ही पिढ्यांतील सुमारे ९,३०० जणांची जनुकीय माहिती बाहेरच्या संशोधकांनाही परवानगीने खुली झाली. आज एखादा विद्यार्थी तीन वर्षांच्या प्रबंधासाठी साठ वर्षांच्या नोंदी वापरतो, तो त्यामुळेच. प्रशिक्षणार्थ्याला याहून मोठी मदत कोणते केंद्र करू शकेल, मला सुचत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०१३ च्या सरसकट सरकारी कपातीत सुमारे ९० लाख डॉलरच्या मुख्य निधीतून ४० लाख गेले. माणसे टिकवण्याचे काम नेमके याच निधीवर चालते.

आता यातील उणीव. मूळ गट जवळजवळ पूर्ण गोरा होता. इतर वंशांचे ५०७ जण घेतले गेले ते १९९४ मध्ये, ४६ वर्षांनी. २००३ मध्ये आणखी ४१० आले. सगळे गट मिळून १५,४४८ माणसांत हे ९१७ म्हणजे ६ टक्के. याची किंमत आपल्यापर्यंत पोहोचते. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींवरून बसवलेल्या सूत्राने काढलेला हृदयविकाराचा धोका दक्षिण आशियाई पुरुषांसाठी १.४ ने गुणावा, असे ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने २००८ मध्ये सांगितले होते. म्हणजे सूत्राने १५ टक्के धोका दाखवला, तर लंडनमधल्या मराठी माणसासाठी तो २१ टक्के धरायचा.

असा गुणक दुरुस्तीपुरता चालतो. खरा आकडा आपल्याच माणसांतून यावा लागतो, आणि त्याची सुरुवात झालेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील गरोदर मातांच्या नोंदी ठेवल्या आणि जन्मलेल्या बाळांचा मागोवा घेतला. सहाव्या वर्षी त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मुले पुन्हा तपासणीला आली. तुमच्या गावात असे बोलावणे आले, तर अहवाल आमच्या डॉक्टरला मिळेल का आणि निधी किती वर्षांचा आहे, हे दोन प्रश्न जरूर विचारा. उत्तरे पटली तर जा, आणि दुसऱ्या फेरीलाही जा.