बाळाची कॉट घ्यायला जाताना टेप सोबत न्या

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीतल्या एका बाळंतिणीच्या घरी गेलो होतो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. कोपऱ्यात बाळाची नवीकोरी कॉट उभी होती. पांढरा रंग, खाली चाकं, कठड्याला आतून मऊ झालर. बाळाच्या मामाने नामकरणाला हप्त्यावर घेऊन दिलेली. कॉटमध्ये दुपट्यांचा ढीग, दोन उशा आणि एक मोठं अस्वल. साडेचार महिन्यांचं बाळ मात्र खाली चटईवर, आई आणि चार वर्षांच्या बहिणीच्या मधे झोपलेलं.

"एवढी चांगली कॉट आहे, मग बाळ खाली का?" आम्ही विचारलं. ती आधी काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ताई, परवा रात्री त्याचं तोंड गादी आणि कठड्याच्या फटीत गेलं होतं. कण्हल्यासारखा आवाज आला म्हणून जाग आली. माझंच लक्ष नव्हतं. घरात कुणाला सांगितलं नाही मी."

आम्ही पिशवीतली टेप काढली आणि मोजलं. कॉटच्या मानाने गादी तीन इंच अरुंद होती. दुकानदाराने दुसऱ्याच मापाची गादी टाकून दिली होती. भगिनींनो, त्या आईचं काही चुकलं नव्हतं. बाळाच्या कॉटमध्ये नक्की काय बघायचं, हे तिला, तिच्या भावाला किंवा सासूला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही नर्सिंग शिकलो, वर्षानुवर्षं वॉर्डात काम केलं, पण बाळंतिणीला घरी सोडताना "बाळ कुठे झोपणार?" हा प्रश्न आम्हीही क्वचितच विचारला. लस विचारली, दूध विचारलं, नाळ बघितली. लहान बाळ दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतं, ती जागा मात्र विचारली नाही. म्हणून हा लेख.

आधी झोपवायचं कसं

कॉट असो वा चटई, पहिल्या वर्षभरात बाळाला झोपवायचं ते उताणं, म्हणजे पाठीवर. रात्री आणि दुपारीही. पालथं नाही, कुशीवरही नाही. अमेरिकेत १९९४ साली हाच एक निरोप घेऊन देशभर मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यासाठी ना औषध लागलं, ना यंत्र.

आज्या विचारतात, "उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर घशात नाही का अडकणार?" काळजी खरी आहे, पण शरीराची रचना बघा. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध चढ चढून श्वासनलिकेत सहसा जात नाही. पालथ्या बाळात उलट होतं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग उताणं ठेवा. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की झोपेत ते कसंही वळलं तरी पुन्हा पुन्हा सरळ करत बसायची गरज नाही. झोपवताना मात्र उताणंच ठेवा.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी घालतात. ती नको. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, आपल्या नजरेसमोर, रोज थोडा थोडा वेळ पालथं खेळवा. मानही त्यानेच धरते.

दुकानात काय मोजायचं

शिंप्याची टेप घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू द्या.

१. दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. कठड्याच्या किंवा डोक्याकडच्या फळीवर फुला-पानांची कोरीव भोकं असतील तर तीही मोजा.

२. गादी कॉटमध्ये टाकून चारही बाजूंनी बघा. गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी त्या कॉटची नव्हे. फटीत चादर कोंबून भागत नाही. ती रात्रीतून निघते आणि बाळाच्या तोंडाशी येते.

३. गादी कडक आणि सपाट हवी. तळहाताने दाबून सोडा, लगेच मूळ जागी आली पाहिजे. हाताचा खड्डा तसाच राहत असेल तर ती नको. आपल्याला मऊ ते बाळाला चांगलं वाटतं, पण मऊ गादीत बाळाचं नाक-तोंड रुततं.

४. तळाची फळी सर्वांत खाली असताना तिथपासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत किमान ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच उंची हवी. बाळ बसायला लागण्याआधीच फळी खाली घ्या. उभं राहायला लागल्यावर घेऊ म्हणाल, तर ते आधीच खाली पडलेलं असेल.

५. वरखाली सरकणारा कठडा नको. अमेरिकेत अशा कॉटमध्ये २००० सालापासूनच्या दहा वर्षांत किमान ३२ बाळांचा जीव गेला, आणि जून २०११ पासून तिथे त्यांची विक्री बंद झाली. कठडा एका बाजूने निखळतो, फट पडते, बाळ त्यात अडकतं. चारही बाजू पक्क्या असलेलीच कॉट घ्या.

६. कॉट दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. करकरली, डुगडुगली तर सोडून द्या. चाकं असतील तर त्यांना लॉक हवं. हात फिरवून बघा. खिळा, बोल्ट किंवा लाकडाचं कुसळ कुठेही लागता कामा नये. कोपऱ्याचे खांब कठड्यापेक्षा वर आलेले नकोत, त्यात झबलं अडकतं.

सुतार ओळखीचा असेल तर ही मापं कागदावर लिहून त्याच्याकडूनच करून घ्या. चार फूट बाय दोन फूट कॉट पुरे. आपल्या खोलीत तेवढीच जागा असते.

जुनी कॉट मिळाली तर

नात्यातली कॉट चार घरं फिरते. त्यात कमीपणा काही नाही. पण वरची सगळी मापं तिलाही लावा. स्क्रू कमी आहेत का, पट्टी तुटली आहे का ते बघा. तुटलेली पट्टी सुतळीने बांधून चालत नाही, ती बदलावीच लागते. सगळ्यात महत्त्वाचा रंग. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या जुन्या रंगात शिसं जास्त असू शकतं. दात येताना बाळ कठडा चावतं, रंगाचे पापुद्रे पोटात जातात, आणि शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. पापुद्रे सुटलेली जुनी कॉट घेऊ नका, आणि घरात बाळ किंवा गरोदर बाई असताना तसा रंग घासूही नका. त्याची धूळ जास्त वाईट.

कॉट रिकामी ठेवा

कॉटमध्ये फक्त घट्ट ताणून बसवलेली चादर आणि बाळ. उशी नाही, लोड नाही, गोधडी नाही, झालर नाही, अस्वल नाही. थंडीत अंगात पुरेसे कपडे घाला. झोपेत टोपरं किंवा कुंची नको, ती तोंडावर घसरते आणि अंग तापतं. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात एक सुती झबलं पुरतं. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर कपडे जास्त झाले.

वर टांगलेलं चिमणाळं बाळाच्या हाताला लागेल इतकं खाली नको. बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं की ते काढून ठेवा. गळ्यात काळा दोरा किंवा ताईत बांधू नका. दृष्ट नावाचा आजार आम्ही कुठल्याही वॉर्डात पाहिला नाही. गळ्यातला दोरा मात्र कठड्यात अडकून फास बसू शकतो.

कॉट कुठे ठेवता तेही बघा. खिडकीखाली नको, भांड्यांच्या मांडणीखाली नको, स्विचबोर्ड आणि चार्जरच्या वायरीजवळ नको. शेजारी किंवा खाली डासांची कॉइल जाळू नका. मच्छरदाणी लावा आणि ताणून गादीखाली नीट खोचा. पहिले किमान सहा महिने बाळाची जागा आईच्या हाताच्या अंतरावर असावी. वेगळी खोली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आई झोपते त्याच खोलीत बाळ असणं जास्त सुरक्षित आहे.

झोळी आणि पाळणा

ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शेतावर जाणारी आई झाडाला झोळी बांधते, तेव्हा ती मुंग्यांपासून आणि विंचवा-सापापासून बाळाला वाचवत असते. तिला नावं ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. पण झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाचा श्वास तिथेच कोंडू शकतो, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा. म्हणून झोळी जमिनीपासून फार उंच नको, तोंड उघडं हवं, आणि कुणीतरी मोठं माणूस नजर ठेवून हवं. झोका देणं दुसऱ्या लहान मुलावर सोडू नका. घरी तरी बाळाला डोळा लागला की उचलून सपाट जागेवर ठेवा. रात्रभर झोळीत नको. लाकडी पाळण्यालाही हाच नियम. त्याचा तळ सपाट हवा आणि झोका थांबल्यावर तो सरळ राहायला हवा. बाळ वळायला लागलं की पाळणा बंद.

कॉट परवडत नसेल तर

कर्ज काढू नका. बाळाला हवी ती कडक, सपाट, रिकामी आणि स्वतःची जागा. कॉट हा ती देण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. फिनलंडमध्ये १९३८ साली गरीब मातांना सरकारने बाळाच्या सामानाची पेटी द्यायला सुरुवात केली आणि १९४९ पासून ती सगळ्याच मातांना मिळू लागली. अट एकच, गरोदरपणात वेळेवर तपासणीला यायचं. त्या पुठ्ठ्याच्या पेटीच्या तळाशी छोटी गादी असते, आणि किती तरी बाळं पहिले महिने त्यातच झोपली. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजातली बाळं झोपेत दगावण्याचं प्रमाण जास्त होतं. तिथल्या बायांनी आपल्याच परंपरेतल्या पातीची टोपली विणली आणि आई-बापाच्या अंथरुणातच बाळाला त्याची वेगळी जागा दिली.

आपल्याकडे साधा उपाय म्हणजे बाळाची वेगळी, पातळ, घट्ट भरलेली गादी. ती आईच्या शेजारी, पण मोठ्यांच्या गादीपासून हातभर अंतरावर. मधे भावंड नको. वरून खोचलेली मच्छरदाणी हवीच. पावसाळ्यात मण्यारसारखे साप रात्री घरात शिरतात आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतात. उंदीरही चावतात. म्हणून जमेल तिथे बाळाची जागा जमिनीपासून वर, कठड्याच्या आत असलेली बरी. मोठ्यांच्या पलंगाच्या कडेला उशा लावून बाळाला एकटं ठेवू नका, ते पडतं. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी बाजारात मिळते. तिची गादी मऊ असेल किंवा उशी शिवलेली असेल तर ती काढून आपली कडक गादी घाला.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. दारू पिऊन बाळाशेजारी झोपू नका. ज्या खोलीत बाळ आहे तिथे विडी-सिगारेट ओढू नका. जगातली सगळ्यात महागडी कॉटही त्या धुराला अडवू शकत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाची झोपायची जागा आवर्जून दाखवा. विचारायला लाजू नका.

त्या वस्तीतल्या आईच्या घरी आम्ही त्याच दुपारी झालर सोडली, अस्वल मोठ्या बहिणीला दिलं. गल्लीतल्या गादीवाल्याने कॉटच्या मापाची घट्ट गादी भरून दिली. कॉट तिच्या अंथरुणाला लावून ठेवली. चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बाळ उताणं, हात पसरून झोपलं होतं. मामाही आला होता. त्याला सगळं कळलं होतं. त्याने आमच्याकडून मापं लिहून घेतली. शेजारच्या गल्लीत त्याच्या मित्राच्या घरी पुढच्या महिन्यात बाळ येणार होतं.

तुम्हीही हे पान कापून ठेवा. नामकरणाला कॉट द्यायची असेल, तर आधी हे पान द्या.