गावाच्या मालकीचे इंटरनेट : लँकेशायरची शेते आणि पालघरचे पाडे

रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, अशी किती तरी कामे आज इंटरनेटवाचून अडतात. २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा ज्या पाड्यांवर ‘रेंज’ नव्हती तेथील मुलांचे शिक्षण जवळजवळ थांबलेच. मग कंपन्या तेथे जात का नाहीत? त्यांचा हिशेब साधा आहे. तार टाकण्याचा खर्च किलोमीटरवर ठरतो आणि उत्पन्न मात्र घरांच्या संख्येवर. शहरातील एका इमारतीत जितकी घरे असतात, तितक्या घरांसाठी डोंगराळ भागात कित्येक किलोमीटर खोदावे लागते. या गणितात खेडे नेहमीच नापास होते.

इंग्लंडच्या उत्तरेस, लँकेशायर परगण्यातील काही खेड्यांनी हे गणितच बदलले. २०११ साली त्यांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही संस्था स्थापन केली. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘बार्न’, म्हणजे शेतावरचे कोठार, असा केला जातो. लँकेस्टर विद्यापीठात संगणक-जाळ्यांचे तज्ज्ञ असलेले बॅरी फोर्ड आणि शेतकरी कुटुंबातील ख्रिस कॉन्डर हे तिच्या संस्थापकांपैकी. आरंभी आठ पॅरिशेस हाती घेण्यात आल्या. (तिकडे ‘पॅरिश’ म्हणजे केवळ आपला धर्मग्राम नव्हे, आपल्या ग्रामपंचायतीसारखा तो स्थानिक कारभाराचाही घटक आहे.)

रस्ता खोदणे हा अशा कामातील सर्वांत महागडा भाग असतो. ‘बार्न’ने तो टाळला आणि तार शेतांमधून नेली. जमीनमालकांनी वाट विनामूल्य दिली. ज्याच्याकडे नांगर वा खोदयंत्र होते त्याने चर काढला, बाकीच्यांनी नळी पुरली. त्या पोकळ नळीतून केसासारख्या बारीक काचतंतूंची तार दाबाच्या हवेने पुढे ढकलली जाते. हे तंतू जोडण्याचे नाजूक कामही गावकरी शिकले. भांडवल समभागांतून उभे राहिले आणि अनेकांनी श्रमाचा मोबदलाही समभागांच्या रूपाने घेतला. सुरुवातीच्या काळात जोडणीसाठी १५० पौंड व दरमहा ३० पौंड घेऊन प्रत्येक घराला सेकंदाला १ गिगाबिट वेग मिळू लागला. त्या काळी लंडनमधील बहुतेक घरांनाही तो मिळत नव्हता. आज या संस्थेच्या जोडण्या दहा हजारांहून अधिक आहेत.

संस्थेची कायदेशीर रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. समभाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. शिवाय नफ्यासाठी मालमत्ता विकून सभासदांनी पैसे वाटून घ्यावेत, हे नियमाने शक्य नाही. वसईकरांना असा सहकार अपरिचित नाही. १९१८ साली सुरू झालेली बसीन कॅथॉलिक बँक सहकाराच्याच पायावर उभी आहे.

मात्र लँकेशायरचा कित्ता जव्हार-मोखाड्यात जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिकडच्या शेतकऱ्याकडे समभागासाठी शिल्लक होती. इकडे पावसाळा संपला की अनेक कुटुंबे रोजगारासाठी स्थलांतर करतात. सरकारच्या ‘भारतनेट’ योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे काम २०११ पासून चालू आहे, परंतु पंचायतीचे कार्यालय ते दूरचा पाडा हे अंतर उरतेच.

आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने नेमके हेच अंतर हाती घेतले, आणि तेही आपल्या पालघरात. प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील काही गावांत दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या, पण प्रत्यक्षात रिकाम्या असलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. या लहरी झाडझाडोऱ्यातून बऱ्यापैकी पार होतात. पुढे परवान्याची गरज नसलेल्या लहरी वापरून आणखी गावे जोडली गेली. पंचायतीने भागीदार व्हावे आणि गावातील तरुणाने देखभाल करून त्यातून कमवावे, अशी योजना होती. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले.

गावाने स्वतःचे जाळे उभारून सेवा विकायची तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि ते काम लहान संस्थेला जड जाते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने एक दार उघडले. दुकानदार, बचत गट वा कोणतीही संस्था जोडणी घेऊन परिसरात वायफाय विकू शकते. त्यासाठी परवाना, नोंदणी वा शुल्क काहीही नाही. नोंदणीकृत मध्यस्थ संस्थेशी जोडून घेतले की पुरे. पूर्वी कंपन्या अशा केंद्रांकडून व्यापारी दराने भरमसाट पैसे मागत. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामकाने त्याला आळा घातला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीस घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही.

अर्थात, वायफायचा टप्पा शे-दीडशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही आणि मूळ तार कंपनीचीच राहते. म्हणून ही मालकी अर्धीच म्हणावी लागेल. तरीही एखाद्या धर्मग्रामाला किंवा महिला मंडळाला प्रारंभ करायचा असेल, तर यंत्र विकत घेण्याआधी तीन गोष्टींची चौकशी करावी: पंचायतीतील भारतनेटची जोडणी खरोखर चालू आहे काय, वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकेल, आणि जुलैच्या पावसात छपरावर चढून दुरुस्ती करणारा माणूस गावातच राहतो काय.